यानाच्या दारामागे

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो, आणि तोही अंतराळयानाचा. लगेच हरखून जाऊ नका. माझ्या दोन्ही फळ्या प्लायवुडच्या, वर चंदेरी रंग फासलेला पत्रा, आणि खालची चाके एका मोडक्या कपाटाची. सुताराने मला दीड दिवसात ठोकले आणि "महिनाभर टिकला तरी नशीब" म्हणून हात झटकले. ज्या टीव्ही मालिकेसाठी मला ठोकले, तिची एकवीस पर्वे झाली. सुताराला जाऊनही बरीच वर्षे झाली. मी टिकलो.

लोकांना वाटायचे, माणूस जवळ आला की मी आपोआप उघडतो. मुले पत्रे लिहून विचारायची, आत कोणते यंत्र आहे? यंत्र कसले डोंबलाचे! माझ्यामागे दोरीमामा बसायचे. हातात दोरी आणि डोळा भिंतीतल्या बोटभर भोकाला. येणाऱ्याचे पाऊल जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीवर पडले की मामा दोरी ओढायचे, माझ्या फळ्या दोन्हीकडे सरकायच्या आणि मामा तोंडाने "फुस्स" असा आवाज काढायचे. टीव्हीवरचा आवाज नंतर वेगळा भरत. हा फक्त नटांना ठेका मिळावा म्हणून. मामांची बायको घरी शेजारणींना जमवून मालिका बघायची. मी उघडलो की म्हणायची, "हे आमच्या यांनी उघडलं." यानावरची माणसे जगोत की मरोत, तिला त्याचे काही नव्हते.

यानाच्या कप्तानाचे काम करणाऱ्या नटीला सगळे कप्तानबाई म्हणत. साठीला टेकल्या तरी त्यांची चाल तीच, ताडताड. बाकीचे नट माझ्याजवळ आले की अंग चोरायचे. बाई मात्र मी तिथे नाहीच अशा यायच्या. चालण्याआधी दर वेळी एवढेच विचारायच्या, "मामा, आहात ना?" आणि मागून मामा म्हणायचे, "आहे, बाई." एकवीस पर्वांत मी त्यांच्या बाहीलाही शिवलो नाही. याचा मला माज होता, खोटे कशाला बोलू?

मग मूळ निर्माते थकले आणि कारभार त्यांच्या जावयाकडे आला. तीन वर्षे बंद पडलेली मालिका बाविसाव्या पर्वाने पुन्हा सुरू होणार, असे जावईसाहेबांनी जाहीर केले, पण त्या बातमीला कुत्रेही विचारीना. तेव्हा एका सकाळी ते माझ्यामागे आले.

"मामा, जाहिरातीसाठी एक छोटं दृश्य घेतोय. बाई येतील. तुम्ही दार उघडायचं नाही."

"उघडायचं नाही? मग बाई आपटतील की!"

"आपटू देत. लोकांना तेच बघायला आवडतं. आणि बाईंना आधी सांगायचं नाही. मग ते नाटकी होतं."

"साहेब, जोरात येतात त्या. नाकबिक फुटेल."

जावईसाहेबांनी मला टिचकी मारली. "प्लायवुड आहे हो. हे बघा, नव्या पर्वात इथे मोटर बसणार आहे. तरी तुमची जागा मी राखीन. नसेल जमत तर आत्ताच घरी जा, दुसऱ्या कुणालाही बसवतो. दोरी न ओढायला काय अक्कल लागते?"

मामा घरी गेले नाहीत. आपण नसतो तर दुसऱ्या कोणी केलेच असते, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली असावी. रंगभूषेची खोली वीस पावलांवर होती. जाऊन बाईंच्या कानात एक शब्द टाकता आला असता. तेवढेही ते उठले नाहीत.

दुपारी दिवे लागले. बाई गणवेशात येऊन उभ्या राहिल्या.

"मामा, आहात ना?"

"आहे, बाई."

बाई निघाल्या. पाऊल पिवळ्या पट्टीवर पडले. मामांनी दोरी दोन्ही हातांनी आवळून धरली होती, पण इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडातून आवाज निघून गेला, "फुस्स!" तो ऐकून बाईंनी पुढचे पाऊल आणखी मोकळे टाकले. नाक मी फोडले, मित्रांनो, आणि समोरचे दोन दातही मीच पाडले.

आधी सगळे हसले. रक्त दिसल्यावर निम्मे थांबले. जावईसाहेब म्हणाले, "कॅमेरा चालू ठेवा."

आठ दिवसांत ते दृश्य लाखो लोकांनी पाहिले. बाई आपटतात तिथे पातेले पडल्याचा आवाज भरला होता आणि खाली लिहिले होते, 'बाविसावे पर्व. दार उघडतंय!' मामांच्या बायकोनेही ते शेजारणींना दाखवले आणि पोट धरधरून हसली. मामांनी तिला काही सांगितले नव्हते.

मोटरचा नवा दरवाजा आला. मामांना शब्द दिल्याप्रमाणे नव्या पर्वात घेतले गेले. पहिले काम मिळाले जुना दरवाजा, म्हणजे मला, तोडण्याचे. ते माझी दोरी सोडून खांद्यावर गुंडाळत होते, तेवढ्यात बाई आल्या. नाकावर पट्टी होती आणि बोलताना दातांच्या फटीतून हवा निसटत होती.

"मामा, दोरी तुटली होती ना?"

मामांच्या खांद्यावरची दोरी सलग होती, एक गाठही नव्हती.

"हो, बाई," मामा म्हणाले.

"मी तेच सांगितलं त्यांना! साहेब म्हणत होते, चूक दोरीवाल्याची, त्याला काढून टाकतो. मी म्हटलं, मामांना काढलंत तर मी या पर्वात पाऊल ठेवणार नाही."

"मग?"

"मग काय! म्हणाले, बरं, तुम्ही नका येऊ, त्यांना ठेवतो. नवी कप्तान आधीच ठरवली होती वाटतं. पंचविशीची आहे, गोड आहे पोरगी. तुम्हाला ठेवलंय ना पण?"

"ठेवलंय."

"चला, एवढं तरी झालं," असे म्हणून बाईंनी मामांच्या खांद्यावर थोपटले. हात दोरीवरच पडला. त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. मामांवर त्यांचा विश्वासच तेवढा होता.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी दरवाजाने म्हणायचे असते, माझ्या चाकांना तेल घाला, मला जपा. मला नका जपू. मी प्लायवुड आहे, उद्या चुलीत जाईन. पण तुमच्या शब्दावर कोणी पाऊल न आखडता येत असेल, तर त्याला जपा. दोरी ओढणार नसाल, तर निदान ओरडा.

बाई सावकाश पायऱ्या उतरत होत्या. मामा तसेच उभे होते. मला वाटले, आता तरी धावतील. तेवढ्यात जावईसाहेबांची हाक आली, "मामा, संध्याकाळपर्यंत जागा मोकळी हवी!"

मामांनी पहार उचलली आणि माझ्या डाव्या फळीत घातली.