पोटाशी धरलेल्या खुणा

मित्रांनो, मी तुमच्या वाटेत आले तर तुम्ही माझ्यावर पाय पुसाल. खुशाल पुसा. त्यासाठीच तर माझा जन्म आहे. मी रंगाऱ्याची चादर. भिंती रंगवण्याआधी जमिनीवर जे जाड कापड अंथरतात, ते मी. आता म्हातारी झाले आहे. इतक्या घरांचे रंग माझ्या अंगावर सांडले आहेत की माझा मूळ रंग कोणता, हे मलाही आठवत नाही.

माझे वरचे अंग सुती आहे आणि पोटाला रबराचा पातळ लेप आहे. रंग झिरपून खाली जाऊ नये आणि मी जागची सरकू नये, म्हणून तो लेप. गिरणीतून निघाले तेव्हा तो मऊ आणि कोरडा होता. दूरच्या थंड देशातल्या हार्लिंगन नावाच्या बंदराच्या गावी गेर्बेन रंगाऱ्याने मला विकत घेतले आणि त्याच्या गाडीत माझा संसार सुरू झाला.

रंगकाम म्हणजे ब्रश आणि रंग, असे लोकांना वाटते. गेर्बेन म्हणायचा, "ब्रश हातात घेतला की काम संपत आलं समजायचं." त्याचे खरे काम त्याआधीचे. खुर्ची, टेबल, कपाट, ज्याला ज्याला पाय आहेत त्या प्रत्येकाच्या पायाशी तो जमिनीवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. काम झाल्यावर वस्तू जिथून उचलली तिथेच जायला हवी ना! मग सामान बाहेर जायचे. पडदे उतरायचे, स्विचची झाकणे निघायची. त्यानंतर माझी पाळी. मी अंथरले गेले की भिंती सोड्याच्या पाण्याने धुवायच्या, भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, पॉलिश पेपर मारायचा. त्याची सगळी धूळ मी झेलायची.

एकदा शिडीच्या पायात अडकून माझा एक कोपरा फाटला. गेर्बेनच्या बायकोने त्याच्या जुन्या विजारीचे निळे ठिगळ त्याला लावले. तेव्हापासून तो कोपरा कायम दाराशी, डाव्या हाताला. आत-बाहेर करताना बूट त्यावरच पुसायचे. घर कोणतेही असो, गेर्बेनची ही सवय कधी मोडली नाही. मित्रांनो, एवढे ध्यानात ठेवा.

त्या वर्षांत आमचे मोठे कौतुक होई. "गेर्बेन येऊन गेला हे नुसतं वासावरून कळतं," असे बायका एकमेकींना सांगत. जमिनीवर एक थेंब सापडायचा नाही. ते कौतुक गेर्बेनचे होते, पण थोडे मीही मनातल्या मनात घेत असे.

पुढे माझा लेप जुना झाला. थंडीत तो ठीक असे, पण ऊब लागली की उन्हात राहिलेल्या गोड गोळीसारखा चिकट होई. गेर्बेनचा मेहुणा वित्से त्याच्याबरोबर काम करी. तो म्हणायचा, "दाजी, या म्हातारीला आता निरोप द्या. उचलताना एक दिवस जमीन घेऊन येईल ही."

"तुझ्या बहिणीनं ठिगळ लावलंय तिला," गेर्बेन म्हणायचा. "टाकायची असेल तर तूच जाऊन सांग तिला."

असे करून मी टिकले.

आमच्याकडे हिवाळ्यात बाहेरचे रंगकाम बंद असते. पाऊस आणि समुद्रावरचा वारा रंगाला टिकू देत नाहीत, म्हणून घरांच्या आतली कामे त्या दिवसांत निघतात. अशाच एका जानेवारीत आम्ही हिस्केकाकूंच्या घरी गेलो. बंदरामागच्या गल्लीतले अरुंद घर. काकू ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांची दृष्टी पूर्ण गेलेली होती, पण मागच्या खोलीत त्यांना वावरताना पाहून कोणाला ते खरे वाटले नसते. खिडकीशी असलेल्या खुर्चीवरून उठले की हाताला टेबलाचा कोपरा. तिथून वळले की कपाटाची कड. कड सुटली की शेगडी आणि तिच्यावर कॉफीचे भांडे. त्यांचे हात वस्तू शोधत नसत. वस्तूच जणू पुढे येऊन त्यांच्या हाताला भेटत.

आम्ही पोचलो तेव्हा त्यांची मुलगी निंके हातात फडके घेऊन उभी होती. आदल्या दिवशी येऊन तिने खोलीची लाकडी जमीन घासून काढली होती आणि मेण लावून ती चकाकवली होती. रंगारी येणार म्हणून घर लख्ख करायचे, ही आमच्याकडची रीत. मळकी जमीन परक्याला दिसता कामा नये.

"घाण करायला माणसं बोलावलीत," हिस्केकाकू म्हणाल्या, "आणि ही त्यांच्यासाठी जमीन पुसतेय."

"आई, लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? हा वित्से? याच्या बुटांना विचार."

वित्सेने माझी घडी दाराशी टाकली आणि बूट माझ्या ठिगळावर पुसले.

त्या घासण्यात टेबलाच्या आणि खुर्चीच्या पायांचे वर्षानुवर्षांचे फिकट डाग निघून गेले होते. आणि मेणावर चिकटपट्टी नीट बसत नाही. तरी गेर्बेनने एकेक तुकडा अंगठ्याने दाबून लावला.

खोलीचे काम होईपर्यंत काकू निंकेकडे राहणार होत्या. निघताना दारात थांबून त्या म्हणाल्या, "गेर्बेन, माझं सामान जिथल्या तिथं ठेव. जवळपास नाही, जिथल्या तिथं."

"काकू, माझ्या खुणा असतात. तुम्ही डोळे मिटून निर्धास्त राहा."

"मिटलेलेच आहेत की," काकू म्हणाल्या आणि हसत गेल्या.

सामान पुढच्या खोलीत गेले. मी मागच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरले गेले, ठिगळ दाराशी. हवा ओली होती. लांबी लवकर वाळावी म्हणून गेर्बेनने शेगडी मोठी करून ठेवली. माझे पोट हळूहळू पाघळू लागले. खालच्या पट्ट्या मला टोचत होत्या. मेणाने त्यांना सोडले आणि मी त्यांना धरले. त्यात माझा काही हेतू नव्हता. पण धरले, हे खरे.

काम संपले तेव्हा बाहेर अंधारून आले होते. गेर्बेन शिड्या गाडीत ठेवत होता. वित्सेने मला घाईघाईने उचलले, घडीवर घडी घातली आणि त्या खुणा माझ्या घड्यांत बंद झाल्या.

गेर्बेन आत येऊन जमिनीकडे पाहू लागला. "खुणा कुठायत?"

"मेणावर कुठली पट्टी टिकते, दाजी? केरात गेल्या असतील. टेबल इथं होतं, खुर्ची तिथं. दिसतंय की डोळ्यांना."

गेर्बेनने वाकून जमिनीवरून हात फिरवला. मग दोघांनी अंदाजाने सामान लावले. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना ती खोली अगदी पहिल्यासारखी दिसत होती. खोलीच्या दारापुढचा घरातला बोळ आणि जिना पुढच्या आठवड्यात रंगवायचा होता, म्हणून मला जिन्याखाली ठेवून ते गेले.

दुसऱ्या दिवशी काकू परत आल्या. वास घेऊन म्हणाल्या, "छान झालंय." आणि लगेच धाडकन आवाज झाला.

"टेबल हललंय," काकू म्हणाल्या.

"आई, टेबल तिथंच आहे."

"नाही गं. खुर्चीसुद्धा हललीय."

"सगळं तिथंच आहे. मला दिसतंय ना."

"तुला दिसतं. मला इथं राहायचंय."

"मग बोलवू का गेर्बेनला? काय सांगू त्याला, आईला वाटतंय म्हणून?"

काकूंनी टेबलाची कड पुन्हा चाचपून पाहिली. आपल्यालाच भास होत असेल, असे त्यांना वाटू लागले असावे.

मी जिन्याखाली अंधारात पडून सगळे ऐकत होते. आधी त्यांच्या पावलांना एक चाल होती. आता एक पाऊल, मग थांबणे, मग भिंत चाचपडणे. एक कप फुटला. दुसऱ्या दिवशी आणखी एक. एकदा घरात कोणी नसताना त्या स्वतःशीच म्हणाल्या, "हिस्के, तुझी बुद्धी चालली बाई." ते ऐकून माझ्या घडीघडीत कळ उठली. त्यांची बुद्धी ठिकाणावर होती. टेबलाची जागा मात्र माझ्या पोटात होती. आणि मला तोंड नव्हते.

मग त्या पडल्या. कपाटाची कड हाताला आली नाही म्हणून आणखी पुढे झुकल्या आणि शेगडीच्या बाजूला कोसळल्या. उजवे मनगट मोडले. हाताला प्लास्टर घालून निंकेने त्यांना घरी आणले, खुर्चीत बसवले आणि बोळात येऊन फोन लावला. "हो, आता तिचं एकटीचं होत नाही," ती हळू आवाजात सांगत होती. वृद्धाश्रमात जागा मिळेल का, हे ती नगरपालिकेच्या बाईंना विचारत होती. पलीकडून उत्तर आले असावे, कारण ती म्हणाली, "बरं, गुरुवारी या आणि तिला घरात वावरताना बघा. मग ठरवा." फोन ठेवून ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि गळ्यातला मफलर तोंडावर दाबून रडली. मित्रांनो, तिला वाईट समजू नका. आपली आई एक दिवस शेगडीवर पडून जळू नये, एवढेच तिला हवे होते.

गुरुवारच्या आदल्या दिवशी सकाळी गेर्बेन आणि वित्से बोळाच्या कामाला आले. वित्सेने मला झटकून उघडले. चर्र आवाज झाला. गेर्बेनने खाली पाहिले. माझ्या पोटावर त्याच्या पट्ट्या एकेक करून चिकटलेल्या होत्या.

"तरी मी म्हणत होतो, टाकून द्या हिला," वित्से म्हणाला.

गेर्बेनने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. कपाळावर पडलेली खोक आणि गळ्यात अडकवलेला हात घेऊन काकू खुर्चीत बसल्या होत्या, त्यांच्यासमोर तो जाऊन उभा राहिला.

"काकू, टेबल हललंय."

काकूंनी मान त्याच्या आवाजाकडे वळवली. मग म्हणाल्या, "पुन्हा म्हण."

"टेबल हललंय. खुर्ची आणि कपाटपण. चूक माझी आहे. खुणा या चादरीला चिकटून गेल्या होत्या."

काकूंनी निरोगी हाताने डोळे पुसले. "मग उभा काय राहिलास? उचल सामान."

सामान पुन्हा बाहेर गेले. पट्ट्या दिसाव्यात म्हणून त्यांनी मला उताणे पसरले आणि वित्से त्याप्रमाणे खुर्ची ठेवू लागला. काकू दारातून कान देऊन ऐकत होत्या.

"अरे, मला शेगडीवर बसवतोस की काय? खुर्ची खिडकीशी असते."

उताण्या चादरीवर डावे ते उजवे होते, हे दोघांच्याही लक्षात आले नव्हते. मला पुन्हा पालथे घातले. निळे ठिगळ दाराशी, डाव्या हाताला आणले. मी भिंतीच्या कडेला कड लावून बरोबर पहिल्या जागी पडले. पण आता पट्ट्या माझ्याखाली गेल्या.

"मला कुठं बघायचंय," असे म्हणत काकू गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी आपला डावा हात माझ्या पोटाखाली सरकवला. आयुष्यभर माझ्यावर बूट पडले होते, बादल्या आपटल्या होत्या. असा हात कधी फिरला नव्हता. "ही एक," काकू म्हणाल्या आणि त्यांनी तिच्यावर बोट धरून ठेवले. गेर्बेनने माझी कड उचलून त्या बोटाशी जमिनीवर पेन्सिलीने खूण केली. मग दुसरी. मग तिसरी.

तेवढ्यात निंके आली. "आई, खाली काय करतेस?"

"माझी खुर्ची शोधतेय. मी हरवले नव्हते गं. खुर्ची हरवली होती."

सामान लागले. खुर्ची आधी कुठे होती आणि आता कुठे आली, ते गेर्बेनने निंकेला दाखवले. अंतर एका वितीचे होते.

"एवढंसंच?" निंके म्हणाली.

"एवढंसंच," काकू म्हणाल्या.

निंके आईच्या मनगटाच्या प्लास्टरकडे पाहत राहिली.

गुरुवारी नगरपालिकेच्या बाई आल्या. मी बोळात अंथरलेली होते. त्यांनी माझ्या ठिगळावर बूट पुसले आणि आत गेल्या. मी कान लावून पडले. खुर्ची करकरली. पावले निघाली. टेबल. कपाट. शेगडी. कुठे थांबली नाहीत, कुठे आपटली नाहीत. काकूंनी डाव्या हाताने कॉफी ओतली, बिस्किटांचा डबा उघडला, पाहुण्या बाईंना एक बिस्किट दिले आणि पाहुण्याला एकच बिस्किट द्यायच्या आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे झाकण लगेच टक्क बंद केले.

"दुसरं मागायची सोय नाही वाटतं तुमच्याकडे," त्या बाई हसून म्हणाल्या.

"घर कुणाचं आहे?" काकू म्हणाल्या.

जाताना दारात त्या बाई निंकेला म्हणाल्या, "सध्या राहू द्या त्यांना इथंच. वसंतात मी पुन्हा येऊन बघेन." सध्या. त्या एका शब्दावर ते घर अजून उभे आहे. काकूंचे मनगट काही सरळ जुळले नाही. भांडे त्या डाव्या हाताने उचलतात आणि थंडीत उजवा हात कुशीत धरून बसतात.

गेर्बेनने नवी चादर घेतली. मला तो कचऱ्यात टाकणार होता, पण काकूंनी मला मागून घेतले. "तिच्यापाशी माझी खोली आहे," त्या म्हणाल्या. मी आता जिन्याखाली असते. कोणी अंथरत नाही, कोणी पाय पुसत नाही. पट्ट्या अजून माझ्या पोटाशी आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरी रंग निघेल, दिवाळीची आवराआवर निघेल. तुम्ही उत्साहाने आजोबांची काठी कोपऱ्यात ठेवाल, आजीचा पाट नीट दिसेल अशा जागी लावाल. जरूर आवरा. पण ती वस्तू तिथे कोणाच्या हातासाठी होती, हे उचलण्याआधी त्या माणसाला विचारा. आणि कोणी म्हातारे माणूस म्हणाले की टेबल हललंय, तर आधी टेबल बघा.

आत पावले वाजत आहेत. टेबल. कपाट. शेगडी. मी रोज ऐकते.