माझ्या खिळ्यावरची पिशवी

मी एक टोपली बोलतेय. बोरूच्या कामट्यांची, वर कमानीसारखी मूठ असलेली, आत एके काळी निळ्या असलेल्या कापडाचं अस्तर लावलेली. आधीच सांगून टाकते, माझा स्वभाव हेवेखोर आहे. लोक म्हणतात वस्तूंना मन नसतं. म्हणोत बापडे. माझ्या वाट्याला जे आलं ते त्यांच्या वाट्याला आलं असतं, तर त्यांचाही जळफळाट झाला असता.

मेक्सिकोतल्या तुलान्सिंगो गावच्या बाजारात रेमिहियाबाईंनी मला निवडलं ती अंड्यांसाठी. तीन वर्षं मी अंडी वाहिली. तेव्हा माझा थाट बघायला हवा होता. वाटेत जो भेटे तो म्हणे, "सांभाळून हं, टोपली सांभाळून." मला वाटायचं, केवढा हा माझा मान! हा मान अंड्यांचा आहे हे कळायला मला बराच वेळ लागला.

मग एका फेब्रुवारीच्या दोन तारखेला, दिव्यांच्या सणाला, रेमिहियाबाईंनी माझ्यात बाळ ठेवलं. खरं बाळ नव्हे. प्लास्टरचा बाळ येशू, हातभर लांबीचा, काचेच्या डोळ्यांचा आणि दगडासारखा जड. आमच्याकडे घरोघरी असं बाळ असतं. दरवर्षी सणाआधी त्याला नवे कपडे शिवायचे किंवा विकत घ्यायचे, देवळात नेऊन त्याच्यावर पवित्र पाणी शिंपडून घ्यायचं आणि घरी येऊन तमाल, म्हणजे मक्याच्या सालीत वाफवलेले पिठाचे उंडे, खायचे. त्या दिवसापासून माझी अंडी सुटली आणि हे बाळ माझ्या कुशीत आलं ते आलंच.

बाळाला दरवर्षी नवा अंगरखा. एके वर्षी देवदूताचे पंख, एके वर्षी डॉक्टरचा पांढरा कोट, एके वर्षी चक्क फुटबॉलचा पोशाख. आणि मला? माझं अस्तर सव्वीस वर्षांत एकदाही बदललं नाही. रस्त्यात बायका थांबायच्या, माझ्यावर ओणवून म्हणायच्या, "अय्या, किती गोड!" मी जणू गोड नव्हतेच. त्याच्या वजनाने माझ्या तळाला खोल खळगा पडला, त्याचं कुणाला काही नाही. मी मनातल्या मनात म्हणायचे, एकदा हे पोर कुठेतरी जाऊ दे.

रेमिहियाबाई आठ महिने अंथरुणाला खिळून होत्या आणि मग गेल्या. त्यांना दोन मुली. थोरली एउफ्रोसिना मेक्सिको शहरात नांदायला गेलेली, धाकटी लुदिविना आईपाशी राहिलेली. आईचं सगळं दुखणं लुदिविनाने काढलं. पण मातीला आलेल्या एउफ्रोसिनाने परत जाताना खिळ्यावरून मला काढलं, बाळ माझ्यात ठेवलं आणि दोघांना शहरात घेऊन गेली. थोरलीकडेच जायचं असतं ते, असं म्हणाली. लुदिविना दारात उभी होती. तिची नजर मी ओळखली. तीच नजर माझीही होती.

पुढे वर्षं गेली. गेल्या वर्षी जानेवारीच्या सहा तारखेला लुदिविना शहरात बहिणीकडे आली होती. त्या दिवशी गोल गोड पाव कापतात आणि त्यात दडवलेली चिमुकली बाहुली ज्याच्या तुकड्यात निघेल, त्याने बाळाला सजवायचं आणि तमाल आणायचे. बाहुली लुदिविनाच्या दाताखाली आली. सगळे हसले. तिने बाहुली हळूच पुसली आणि विचारलं, "म्हणजे या वर्षी बाळ माझं ना?"

"कपड्यांपुरतं," एउफ्रोसिना म्हणाली. तिने हे थट्टेत म्हटलं होतं, पण ते लागायचं तिथे लागलं.

महिन्याच्या शेवटी दोघी बहिणी आम्हाला घेऊन तालावेराच्या गल्लीत गेल्या. गल्ली म्हणजे बाळांचाच समुद्र. हजारो अंगरखे, मुकुट, पंख, बोटभर चपला, आणि जिकडेतिकडे कडेवर बाळं घेतलेल्या बायका. आमच्या बाळाचा अंगठा मोडला होता आणि पापण्या झडल्या होत्या. बाळं दुरुस्त करणाऱ्या क्रिसोफोरोकाकांनी चष्मा वर करून त्याला तपासलं आणि तीन तास लागतील म्हणाले.

ते तीन तास माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. मी रिकामी! लुदिविनाला कितीतरी वर्षांनी शहर बघायचं होतं. आम्ही एका उंच मनोऱ्यावर चढलो, तिथून तिने आपलं तुलान्सिंगो दिसतं का ते शोधलं आणि धुराशिवाय काही दिसलं नाही. अलामेदा बागेत बसून दोघींनी चुरोस, म्हणजे तळलेल्या गोड कांड्या, चॉकलेटमध्ये बुडवून खाल्ले. रस्त्यावर दांडा फिरवून वाजवणाऱ्या पेटीवाल्याची पेटी बेसूर वाजत होती, तरी दोघी तिच्या तालावर पाय हलवत होत्या. माझ्यात रिबिनी आल्या, साखरेत मुरवलेला भोपळा आला, सोनेरी झालर आली. मी एखाद्या यजमानीणबाईसारखी मिरवत होते.

तेवढ्यात ती आली. पट्ट्यापट्ट्यांची, गुलाबी-हिरवी, प्लास्टिकची विणलेली पिशवी. लुदिविनाला रस्त्यावर ती दिसली आणि तिने लगेच घेतली. माझ्यातली अर्धी खरेदी तिच्यात गेली. एवढे भडक रंग, आणि केवढे लांब बंद! तेरड्याचा रंग तीन दिवस, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली.

एउफ्रोसिनाचे गुडघे भरून आले, म्हणून ती एका देवळातल्या बाकावर टेकली आणि बाळाला आणायला लुदिविना एकटी गेली, एका हातात मी, दुसऱ्या हातात ती पिशवी. क्रिसोफोरोकाकांनी बाळ हातात दिलं. नवा अंगठा, लांब पापण्या, ताजे गुलाबी गाल. लुदिविना त्याच्याकडे बघत तशीच उभी राहिली. मग शेजारच्या दुकानात गेली आणि तेवढ्याच लांबीचं, तसल्याच डोळ्यांचं नवं बाळ मागितलं.

"जुळं का हो बाई?" दुकानदारीण हसत म्हणाली.

"दोघी बहिणी आहोत," लुदिविना म्हणाली.

तिने जुन्या बाळाचं दुपटं नव्या बाळाला गुंडाळलं आणि ते माझ्यात ठेवलं. जुनं बाळ, आमचं बाळ, त्या पट्टेरी पिशवीच्या तळाशी रिबिनींखाली गेलं. रंगवून आणलेलं बाळ दरवर्षी थोडं परकंच दिसतं, त्यात एउफ्रोसिनाची नजर अधू. तिने दुपट्याची कड सारून पाहिलं आणि छान झालंय म्हणाली. मला मात्र पहिल्याच पावलाला कळलं. नवं बाळ कसल्याशा हलक्या मालाचं होतं. माझ्या खळग्यात ते बसेना, चालताना इकडून तिकडे घरंगळत होतं.

मला जे हवं होतं ते झालं होतं. पोर गेलं होतं. मग मला आनंद का होत नव्हता? सव्वीस वर्षं माझ्या कुशीत झोपलेलं बाळ आता एका प्लास्टिकच्या पिशवीत, भोपळ्याच्या पाकाशेजारी, उलटं पडलं होतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. आजवर मी बाळाचा हेवा केला. त्या दिवसापासून त्या पिशवीचा करू लागले, आणि खरं सांगते, हा हेवा पहिल्यापेक्षा शंभरपट जाळणारा होता.

सणाच्या दिवशी लुदिविना कबूल केल्याप्रमाणे तमालचं मोठं पातेलं घेऊन आली. तिचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून देवळाच्या पायऱ्यांवर एउफ्रोसिनाने मला उचललं. उचललं आणि थांबली. एकदा खाली ठेवून तिने मला पुन्हा उचललं. मी म्हटलं, आता फुटणार बिंग. पण ती मूग गिळून आत गेली, बाळावर पाणी शिंपडून घेतलं आणि घरी सगळ्यांना हसून तमाल वाढले.

लुदिविना निघाली तेव्हा एउफ्रोसिनाने नवं बाळ काढून लहानशा खुर्चीत बसवलं आणि मला रिकामीच तिच्या हातात दिलं.

"ही घेऊन जा, लुदी. त्याला हिच्याशिवाय झोप लागत नाही."

लुदिविनाचा चेहरा पांढराफटक पडला. बसमध्ये सबंध वाट तिने मला मांडीवर घट्ट धरलं होतं.

इतक्या वर्षांनी मी माझ्या मूळ घरी परतले. पाहते तर माझ्या खिळ्यावर ती पिशवी लटकलेली! बाळ कपाटात, चादरींमागे. लुदिविनाने त्याला माझ्यात निजवलं आणि माझ्यासकट पुन्हा कपाटात ठेवून दार लावलं. वर्षभर तिने त्याला कुणाला दाखवलं नाही. नाताळात शेजारपाजारच्या घरांत बाळं झोळीत जोजवली गेली, गाणी झाली. आमच्या बाळाला कुणी गाणं म्हटलं नाही. जे दाखवता येत नाही ते आपलं कसं, हे तिला बहुधा तेव्हाच कळलं असावं.

यंदा सहा जानेवारीला तिने आम्हाला कपाटातून काढलं आणि बस पकडली. एउफ्रोसिनाने दार उघडलं. तिने दुपटं सारलंही नाही, नुसतं मला हातात घेतलं.

"वजन वाढलंय गं पोराचं," ती म्हणाली.

लुदिविना उंबऱ्यावरच रडायला लागली. ताई, मी चोरलं, असं ती पुन्हापुन्हा म्हणत होती. एउफ्रोसिनाने तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि तिच्यासमोर बसली.

"आई गेली तेव्हा मी तुला विचारायला हवं होतं. नाही विचारलं. आता विचारते, कुणाकडे राहू दे?"

लुदिविनाने बाळाचं दुपटं सारखं केलं. मग डोळे पुसून म्हणाली, "तुझ्याकडेच राहू दे. इथे त्याला माणसं आहेत. पण ताई, मला टोपली दे. तिच्या मुठीला आईचा हात लागलाय."

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. बाळ समोर असताना कुणीतरी मला मागितलं होतं. आयुष्यभर ज्यासाठी जळले ते शेवटी मिळालं, आणि त्याच क्षणी माझ्या कुशीतून बाळ उचललं गेलं.

आता मी तुलान्सिंगोला माझ्या खिळ्यावर असते. पिशवीची रवानगी दारामागे झाली, आणि तिचे रंग विटलेत हे सांगताना मला बरं वाटतं. लुदिविनाने मला नवं अस्तर शिवलंय, पिवळ्या फुलांचं. मी पुन्हा अंडी वाहते. लोक म्हणतात, "सांभाळून हं," आणि ते कुणाला म्हणतात हे आता मला ठाऊक आहे. तिकडे शहरात त्या हलक्या नव्या बाळाच्या जागी आमचं बाळ लहानशा खुर्चीत बसतं. तिच्यात त्याला बसलेलं मी अजून पाहिलेलं नाही, पण त्या खुर्चीचा मला फार हेवा वाटतो.

दोघींचं ठरलंय, दर जानेवारीत तालावेराला जाताना बाळाला माझ्यातूनच न्यायचं. तोवर तुमच्यापैकी कुणी त्या शहरात गेलं आणि लांब पापण्यांचं, एक अंगठा जरा नवा असलेलं जड बाळ भेटलं, तर माझा एवढा निरोप द्या. म्हणावं, अस्तर नवं असलं तरी खालचा खळगा तुझ्याच मापाचा आहे. अंडी त्यात नीट बसत नाहीत.