रजईच्या खोळीत लपवलेले पंख

मी पंखांची जोडी बोलतेय. पाखराच्या नव्हे हो, परीच्या! जुन्या पडद्याची जाळी, थोडी तार आणि इलॅस्टिकचे दोन पट्टे, एवढीच मी. पण तोरा विचारू नका. आमची बाई बालनाट्यात परी व्हायची, आणि टाळ्या पडतात त्या मलाच, अशी माझी पक्की समजूत होती.

बाईची लेक चिमणी, सहा वर्षांची. आई दौऱ्यावर गेली की तिला मावशी सांभाळते. एकदा वेणी घालता घालता मावशीने गोष्ट सांगितली. परी तळ्यावर अंघोळीला उतरते, लाकूडतोड्या तिचे पंख लपवतो. मग बिचारी त्याच्या घरी राहते, तिला मुलं होतात. एक दिवस पंख सापडतात आणि ती भुर्रकन उडून जाते.

"आणि तिची मुलं?" चिमणीने विचारलं.

"मान सरळ धर गं," मावशी म्हणाली.

झालं! पुढच्याच आठवड्यात तीन महिन्यांचा दौरा निघाला. त्या सकाळी चिमणीने मला खुंटीवरून ओढलं आणि रजईच्या खोळीत कोंबलं. माझी तार वाकली. अस्सा राग आला होता! पण पोरीने वरून खोळीची बटणंसुद्धा लावून टाकली.

खाली गाडी हॉर्नवर हॉर्न देत होती. बाईने सगळं घर पालथं घातलं. "अगं बाई, पंखांशिवाय कसली परी मी?" म्हणत ती मटकन रजईवर बसली, आणि माझी तार तिला टोचली.

आता बसतोय धपाटा, मला वाटलं. पण चिमणीनेच भोकाड पसरलं. "तिला देऊ नको ना, मावशी! पंख मिळाले की आई परत येणार नाही!"

मावशीने जीभ चावली. बाईने मला खोळीतून बाहेर काढलं. मग तिने माझी तार सरळ केली आणि मला चिमणीच्या मांडीवर ठेवलं.

"हे तुझ्याकडेच राहू दे. मी अशीच जाते. पंख न्यायला मला यावंच लागेल की नाही?"

"नक्की?"

"अगदी नक्की."

आणि गेली की हो, मला टाकून! तिकडे पोरं विचारतात म्हणे, परी, तुझे पंख कुठे? ती सांगते, घरी आहेत, माझ्या लेकीजवळ. टाळ्या मात्र तेवढ्याच पडतात. फोनवर हे ऐकून मला झोंबलं, खोटं कशाला बोलू?

आता दोन महिने झालेत. चिमणी शाळेतून आली की आधी मला बघते, मग दप्तर टाकते. तुमच्या गावात बिनपंखांची परी आली, तर तिला हसू नका. नाटक संपल्यावर एवढा निरोप द्या: पंख शाबूत आहेत, आणि त्यांच्या राखणदारणीचा पहिला दात पडलाय. लवकर ये म्हणावं.