गुच्छ फिरतो की नाही

धाकटीने भाषण संपवलं आणि मनातल्या मनात नोकरी खिशात टाकली. का नाही टाकणार? संस्थेत कायमची जागा एकच, उमेदवार दोनच उरलेले, आणि समोर निवड समिती माना डोलावतेय! भाषणाचा विषय होता लाखो ताऱ्यांचा एक गोलाकार गुच्छ. त्यातले तारे आपले वाट्टेल तसे भटकतात, असं सगळे म्हणायचे. धाकटीने दाखवलं की गुच्छ चक्क स्वतःभोवती फिरतो. एका कडेचे तारे आपल्याकडे येतात, दुसऱ्या कडेचे लांब जातात. पडद्यावर येणारी बाजू निळी, जाणारी लाल, अगदी लख्ख.

सगळे म्हणजे मुख्यतः ताई. सख्खी थोरली बहीण, इथेच प्राध्यापक, आणि 'हा गुच्छ फिरत नाही' असं वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगणारी. समितीत नव्हती, पण पहिल्या रांगेत ठाण मांडून बसली होती. तिने हात वर केला.

"अख्खा गुच्छ आकाशात आडवा सरकतोय. त्यानेही फिरल्याचा भास होतो. तो काढलास?"

"कधीच वजा केलाय, ताई. एवढी अडाणी नाही मी."

"मग प्रोग्रॅममधली ती ओळ दाखव की. लाजतेस कशाला?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. धाकटीचं डोकं सणकलं. तावातावाने तिने प्रोग्रॅम उघडला आणि ओळ शोधली. वजाच्या जागी अधिक होतं. भास काढायचा सोडून बाईसाहेबांनी तो दुप्पट केला होता!

'तपासून कळवते' म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण ताईसमोर? त्यापेक्षा मेलेलं बरं. तिने सगळ्यांदेखत चिन्ह बदललं आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. निळं-लाल एकमेकांत मिसळून गेलं.

"नाही फिरत," ती म्हणाली. अध्यक्षांनी तिचे आभार मानले आणि दुसऱ्या उमेदवाराला बोलावलं.

बाहेर ताई जिन्यापाशी थांबली होती. "मनाला लावून घेऊ नकोस गं. चल, आईने दोघींना जेवायला बोलावलंय."

"नेमकी तीच ओळ तुला कशी सुचली?"

"सुचायचंय काय त्यात? महिन्यापूर्वी तूच नाही का पाठवलंस सगळं, नजर टाक म्हणून?"

"तेव्हा तू 'छान झालंय' म्हणालीस."

"मला खोटं पाडायला निघाली होतीस तू. वर तुझ्या चुकाही मीच दुरुस्त करायच्या? वा गं वा!"

धाकटीला वाटलं होतं, आपल्याला रडू येईल. कसलं रडू! नुसता संताप आला. तिने बॅग खांद्याला अडकवली.

"आईला सांग, मी येणार नाही. का, ते ती विचारेल. तेही तूच सांग, आत्ता मला सांगितलंस ना, अगदी तसंच."

धाकटी जिना उतरून गेली.