डोकी मोजणारा डोळा

मित्रांनो, जिन्याखालच्या अडगळीत तोंडावर धूळ घेऊन पडलेला मी एक म्हातारा कॅमेरा. स्वतःची स्तुती स्वतः करू नये म्हणतात. पण दुसरं कोणी करेना, तर काय गप्प बसून गंजावं?

मी कपडे शिवण्याच्या कारखान्यात होतो. चार मजले, शेकडो बाया आणि उतरायला जिना एकच. सुटीची घंटा झाली की सगळ्या एकदम निघायच्या. एकदा जिन्याच्या वळणावर चेंगरून एकीचा हात मोडला, तेव्हा मला तिथे टांगलं. माझ्या डोळ्यामागे एआयचं डोकं होतं. मला चेहरे दिसत नसत, नुसते ठिपके दिसत. ठिपके दाटले की मी वरच्या दाराशी लाल दिवा लावी, राखणदार दार अडवी आणि वळण मोकळं होई. रोज संध्याकाळी मी सगळं पुसून टाकी. म्हणून बाया मला भीत नसत.

तिथे दोघी जावा होत्या. धाकटी अबोल, थोरली फटकळ. थोरली जाता-येता म्हणायची, "घरी सासूचा डोळा, इथे ह्याचा. पण हा बरा, टोमणे तरी मारत नाही!"

मग नवे साहेब आले. अक्कल आणि अधिकार एका घरात नांदतातच असं नाही. ते म्हणाले, "नुसती डोकी मोजून काय करायचं? कोणाचं डोकं ते कळू दे."

मला बसवणारा कारागीर चाचरत म्हणाला, "साहेब, बायांना विचारायला हवं."

"विचारायचं काय त्यात? ज्याला काही लपवायचं नाही, त्यानं घाबरायचं कशाला?"

बोलणाऱ्याच्या स्वतःच्या खोलीत मात्र कॅमेरा नव्हता.

ठिपक्यांना नाकडोळे आले. कोण कोणाशी बोलते, कोण कितीदा बाथरूमला जाते, सगळं मी साठवू लागलो. एका दुपारी काही बाया वळणावर उभ्या राहून दुसरा जिना मागायचं ठरवत होत्या. धाकटी त्यांत नव्हती. डबा घेऊन थोरलीची वाट बघत क्षणभर थांबली होती. पण जवळ उभी ती सामील, एवढंच मला शिकवलेलं. मी दिलेल्या नावांवरून दुसऱ्या दिवशी त्या बायांबरोबर धाकटीलाही फाटकातूनच परत पाठवलं.

थोरली स्टूल घेऊन माझ्याकडे आली.

"अगं उतर, तुलाही काढतील!" मैत्रीण म्हणाली.

"काढू देत. ह्या चहाडखोराचं तोंड बांधल्याशिवाय मला घास उतरायचा नाही."

तिने कापडाची जाड पट्टी माझ्यावर करकचून बांधली.

त्याच संध्याकाळी खालचं दार अर्धवट अडकलं. पुढच्या थांबल्या, मागच्यांना कळेना. राखणदार लाल दिव्याची वाट बघत राहिला. दिवा लागलाच नाही. मला दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. आधी "ढकलू नका गं," मग किंकाळ्या, मग नुसती धाप. मग तीही थांबली. कितीतरी जणी गेल्या. थोरली त्यांतलीच.

साहेब म्हणाले, "कॅमेरा झाकणारीनेच सगळ्यांना मारलं." चोर सोडून संन्याशाला फाशी! पट्टी तिने बांधली हे खरं, पण ती वेळ कोणी आणली?

धाकटी फाटकाशी आली. जन्मात पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "त्याला डोकी मोजू दे. चेहरे नकोत. आणि काय साठवतो ते आम्हालाही बघू द्या."

"मग त्याला काय शोभेला टांगू?" म्हणत साहेबांनी मला इथे फेकलं.

इथे माझ्या कानावर येतं, आता बायाच पाळीपाळीने वळणावर उभ्या राहतात. गर्दी दाटली की हात वर करून वरच्यांना थांबवतात. परवा साहेबांनी काजं करणाऱ्या म्हातारीला हळूच विचारलं, "आज कोण कोण कुजबुजत होतं?"

म्हातारी म्हणाली, "मला गर्दी दिसली साहेब. नावं नाही दिसली."

मलाही तेवढंच बघू दिलं असतं तर!

मित्रांनो, तुमच्या शाळेत, बाजारात माझी भावंडं असतील. त्यांना फोडू नका, झाकू नका. त्यांच्यामुळे जीव वाचतात. पण बसवणाऱ्याला विचारा, हा काय बघतो, कोणाला सांगतो, कधी विसरतो? उत्तर मिळेपर्यंत दारातून हलू नका. आणि विचारायला सगळे मिळून जा. एकट्याला ओळखणं मला फार सोपं जातं.