उघडलेलं बक्कल

"एकटाच आलास? काका कुठेत?"

ढब्बू शेपूट पाडून नुसता धापा टाकत होता. त्याच्या मागे फरफटत आलेला पट्टा काकूंनी उचलून पाहिला. तो कुठेही तुटला नव्हता. काकांच्या कमरेकडचं बक्कल उघडलेलं होतं, म्हणजे कुणीतरी हाताने उघडलेलं.

काका म्हणजे निवृत्त वायरमन. उभा जन्म विजेच्या खांबांवर गेला. आता माझ्याच डोक्यातल्या तारा सैल झाल्यात, असं बरं वाटेल त्या दिवशी ते स्वतःच म्हणायचे. बाकीच्या दिवशी घरचा रस्ताही आठवायचा नाही. पण सकाळी डोंगरावरच्या रानात जायचं वेड काही सुटेना. "आई, सरळ कुलूप लाव," मुलगी म्हणाली. काकूंनी ते साफ उडवून लावलं. लोकांचे कपडे शिवण्यात हयात गेलेली बाई ती! तिने काकांचा खांबावर चढायचा जुना पट्टा काढला, त्याला लांब दोर शिवला, दुसरं टोक कुत्र्याला अडकवलं आणि ढब्बूला एकच धडा शिकवला. फिरून दमलेला माणूस मागे पडून पट्ट्याला ओढ लागली, की त्याला घेऊन घरी यायचं. इतके महिने ते बिनबोभाट चाललं होतं.

"वहिनी, वनखात्याची माणसं येतायत तासाभरात," शेजारचे मेजर म्हणाले. मेजर सैन्यात कधीच नव्हते, मिशा तेवढ्या तशा होत्या.

"आणि तासभर मी काय करू? बटणं लावत बसू?"

काकूंनी पट्टा स्वतःच्याच कमरेला बांधला आणि त्या निघाल्या, मागोमाग मेजर. वर गच्च धुकं होतं. गुडघे बोंबलत होते. चढ लागला, काकू मागे पडल्या, पट्टा ताणला गेला आणि ढब्बू गर्रकन वळून खाली निघाला. त्यांनी त्याला पुन्हा वर वळवलं. तो पुन्हा फिरला.

"अहो, हा घरी चाललाय!" मेजर ओरडले.

"चालणारच! मीच शिकवलंय ना मेल्याला." काकूंना रडू फुटलं. तो आज्ञाधारकपणे त्यांनाच घरी नेत होता.

आता पट्टा सोडायला हवा होता. पण या धुक्यात तोही हरवला तर? मग शोधायचं कुणाच्या जिवावर? "जा बाबा, तुझ्या हातात आहे सगळं," म्हणत त्यांनी कमरेचं बक्कल उघडलं.

ढब्बू धुक्यात घुसला. पाचोळा वाजला आणि मग सगळं शांत झालं. काकू कान देऊन उभ्या राहिल्या. मग डावीकडून, खोलातून भुंकणं आलं.

वाटेच्या कडेला चिखलात पंज्यांचे लांबलचक ओरखडे थेट दरीच्या काठापर्यंत गेले होते. काकू ते पाहायला खाली बसल्या आणि त्यांना सगळं उलगडलं. काकांचा पाय घसरला होता आणि त्यांच्या वजनाने कुत्राही ओढला जात होता. उंचावर असताना पट्ट्याला हात लावायचा नाही, हे ज्याच्या हाडीमासी मुरलेलं, त्याने लटकल्या जागी स्वतःचं बक्कल उघडलं होतं.

काका खाली एका झाडाच्या मुळीला धरून बसले होते. कपाळ फुटलं होतं, पाय वेडावाकडा झाला होता. काकू बसल्या-बसल्याच घसरत खाली गेल्या, साडी फाटली तरी थांबल्या नाहीत. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, अनोळखी माणसाकडे पाहावं तसं.

"बाई, कुत्रं नीट आहे ना हो?"

"आहे. हा काय, तुमच्याजवळच आहे."

"आमच्या हिचं आहे ते. भारी जीव आहे तिचा त्याच्यावर. त्याला काही झालं असतं, तर तिने मला घरात घेतलं नसतं."

काकूंनी पदराने त्यांच्या कपाळावरचं रक्त टिपलं.

"घेईल हो ती. मी चांगली ओळखते तिला."

काकांना ते पटलं असावं. त्यांनी मुळी सोडली आणि त्या अनोळखी बाईच्या हातात हात दिला.