पाचव्या पायरीचं लुगडं

चंपतरावांनी भोंग्यावरून बारावं नाव वाचलं आणि शालिकराम पराते जागच्या जागी हबकला. नाव जनाबाईचं होतं. जनाबाई म्हणजे त्याचीच बायको. चोवीस वर्षांच्या संसारात तिनं मोहल्ल्यातल्या कार्यक्रमात आरतीच्या ताटापलीकडे कधी कशाला हात लावला नव्हता. आणि आज ती भर मांडवात, पुरुषांच्या रांगेत, पदर खोचून उभी होती.

गोष्ट चौऱ्याहत्तर सालच्या गणपतीतली, तांडापेठेतल्या विणकरांच्या मोहल्ल्यातली. मंडळाच्या खेळांची कटकट दरवर्षीचीच. आदल्या वर्षी अध्यक्ष चंपतरावांनी हौसेनं पहिल्याच दिवशी मोठं बक्षीस वाटून टाकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मांडवात गणपती आणि चंपतराव असे दोघंच उरले. म्हणून यंदा खेळ शालिकरामच्या गळ्यात पडला. शालिकराम नावाजलेला विणकर. पॉवरलूमनं हातचं काम निम्मं केलेलं, त्यामुळे त्याचं डोकं बऱ्यापैकी रिकामं होतं, आणि रिकाम्या डोक्यात कल्पनांना काय तोटा!

आठ दिवस तो मागावर बसून बक्षिसांचाच विचार करत होता. माणसाला खेळाची गोडी लावायची तर पहिलं बक्षीस लहान पाहिजे आणि जवळजवळ सगळ्यांना मिळालं पाहिजे. दुसरं त्याहून थोडं मोठं. तिसरं बरंच मोठं. काम अवघड होत जावं, पण बक्षीस त्याच्याहून भरभर वाढत जावं, म्हणजे माणूस मागे फिरत नाही. त्यानं पाच दिवसांच्या पाच पायऱ्या केल्या. हातरुमाल, पंचा, खण, धोतरजोडी, असं चढत जायचं. आणि खरी मेख पुढे होती. पायरी जिंकली की बक्षीस घेऊन घरी जा, नाहीतर ते परत ठेवून पुढच्या पायरीवर या. पुढे हरलात तर हात हलवत घरी.

मंडळाची वर्गणी धोतरजोडीपर्यंतच पुरली. पाचव्या पायरीला काही नव्हतं, आणि वर काहीच नसेल तर चढणार कोण? शालिकरामनं बैठकीत छाती पुढे काढून सांगितलं की पाचवं बक्षीस माझ्याकडून. दुसऱ्या दिवशी मांडवाच्या खांबाला, सगळ्यांना दिसेल असं, रेशीमकाठी नऊवारी लुगडं लटकलं. दीड वर्षापूर्वी त्यानं ते विणलं होतं. येत्या कार्तिकात मुलीचं, सुमतीचं, लग्न ठरलं होतं, नवरामुलगा कळमेश्वरच्या कारखान्यात होता, आणि हे लुगडं तिच्या अंगावर घालायचं म्हणून पेटीत तळाशी जपून ठेवलेलं होतं.

जनाबाईला त्यानं विचारलं नाही, जेवताना नुसतं सांगितलं. वाढता वाढता तिचा हात थांबला. शालिकरामनं तिला समजावलं की पाचवी पायरी अशी बसवली आहे की कोणाच्या बापाला जमणार नाही, लुगडं दहाव्या दिवशी आपसूक घरी येईल, आणि समजा गेलंच तर दुसरं विणू. जनाबाई काही बोलली नाही. त्यानं त्याचा अर्थ होकार असा लावला. नवऱ्यांना हा अर्थ फार सोयीचा पडतो.

पाचवी पायरी अशी होती. मागावरचा उभ्या धाग्यांचा जुना ताणा संपत आला की त्याच्या एकेका धाग्याला नव्या ताण्याचा एकेक धागा जोडून घ्यावा लागतो. असे साठ सुती धागे अर्ध्या तासात जोडायचे, एकही ढिला राहता कामा नये, आणि हे सगळं डोळ्यांवर पट्टी बांधून. शालिकरामनं स्वतः करून पाहिलं होतं. त्याचे अकरा जुळले, त्यातले चार ओढताच सुटले. आपल्याला जमत नाही म्हणजे जगात कोणाला जमणार नाही, असा त्याचा हिशेब. पण कोष्ट्याच्या घरात पुरुष बसतो तो जोडलेल्या ताण्यावर. सूत गुंडाळून कांड्या भरायच्या बायकांनी, गुंता सोडवायचा बायकांनी, धागे जोडायचे बायकांनी. शालिकरामनं उभ्या जन्मात एक ताणा अख्खा जोडला नव्हता. मोठ्या कौशल्याच्या म्हणून त्यानं ज्या पायऱ्या काढल्या त्या बहुतेक चुलीशेजारी बसून केल्या जाणाऱ्या कामांच्या होत्या, आणि हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. चंपतरावांनी फळ्यावर लिहिलं होतं, ‘मोहल्ल्यातला कोणीही विणकर’. जनाबाईनं शेजारच्या इंदुताईकडून ते वाचून घेतलं आणि नाव द्यायला लावलं. चंपतरावांना नाही म्हणायला तोंड नव्हतं.

पहिल्या दिवशी पाच कांड्या भरायच्या होत्या. जनाबाईच्या भरून झाल्या तेव्हा बाकीच्यांची दुसरी चालली होती. दुसऱ्या दिवशी सुताचा गुंता होता, तोही तिनं मांडीवर घेऊन गप्पा मारल्यासारखा सोडवला. तिसऱ्या दिवशी नुसत्या स्पर्शानं सुताचा नंबर, म्हणजे बारीकपणा, ओळखायचा होता, तिथे अर्धे लोक गळाले. रोज चंपतराव बक्षीस पुढे करत आणि जनाबाई ते परत ठेवायला सांगे. माणसं बायकापोरांसह दुपारपासून जागा धरून बसू लागली. शालिकरामचा खेळ असा रंगला होता की आजवर मांडवात असा खेळ झाला नव्हता, आणि शालिकरामला घशाखाली घास उतरत नव्हता.

कारण कुजबूज सुरू झाली होती. खेळ याचा, पंच हा, आणि चढते याची बायको. लुगडं घरातून निघालं आणि घरातच चाललं. चौथ्या दिवशी विणलेल्या कापडातला एक चुकलेला धागा शोधायचा होता. सगळे कापड उजेडात धरून डोळे बारीक करत होते. जनाबाईनं ते मांडीवर पसरलं, मान वर करून गणपतीकडे तोंड केलं आणि तळहात फिरवत राहिली. शालिकरामला तिचा असा राग आला की काय सांगावं. लोकांसमोर ही कसली मिजास, कापडाकडे बघायचीही गरज नाही? तेवढ्यात तिनं बोट ठेवलं. बोट बरोबर चुकीवर होतं. तिच्याआधी फक्त कवडूनं चूक शोधली होती. कवडू निमजे, तिशीतला, मोहल्ल्यातला सगळ्यात तेज विणकर. दोघंच उरले, आणि दोघांनीही धोतरजोडी परत ठेवली.

त्या संध्याकाळी शालिकराम घरी बायकोच्या पुढ्यात बसला. उद्या जायचं नाही, असं त्यानं बजावलं. जिंकलीस तर लोक मला चोर म्हणतील, हरलीस तर हसतील. मग आवाज उतरवून त्यानं विनवून पाहिलं, की माझ्या नावाचा तरी विचार कर.

जनाबाई तांदूळ निवडत होती. बोटं चालूच ठेवून ती म्हणाली, “नाव तुमचं हाय. लुगडं माह्या पोरीचं हाय. मी जातो उद्या.”

पाचव्या दिवशी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. कवडूचा नंबर आधी लागला. शालिकरामनं स्वतः त्याच्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधली. बांधताच कवडू क्षणभर गोंधळला, दोन्ही हात हवेत तसेच राहिले, मग चाचपडत चाचपडत त्यानं टोकं शोधली. डोळे झाकले की कोणीही असाच बिचकतो. कवडूनं जिद्दीनं केलं. अर्धा तास भरला तेव्हा त्याचे एकेचाळीस धागे झाले होते. एकेचाळीस! शालिकरामला घाम फुटला, कारण हे काम अशक्य नव्हतं हे आता साऱ्या मोहल्ल्याला दिसलं होतं.

मग जनाबाई बसली. शालिकराम तिच्या मागे पट्टी घेऊन उभा राहिला. गाठ मारताना त्याच्या मनात आलं, थोडी ढिली ठेवावी, खालून फट राहील, लोकांत हसं तरी होणार नाही. हात तिकडे वळलाही. पण शेकडो डोळे त्याच्या हातांवर होते, म्हणून त्यानं गाठ करकचून आवळली.

आणि तिथेच त्याला पहिला धक्का बसला. जनाबाई बिचकली नाही. पट्टी बांधण्याआधी तिचे हात जसे ताण्यावर होते तसेच ते पट्टी बांधल्यावर चालू झाले, मध्ये श्वासाचंही अंतर पडलं नाही. पीळ घसरू नये म्हणून बोटांना चिमूटभर राख, एक टोक इकडचं, एक टोक तिकडचं, एक पीळ, पुढचा धागा. तिनं मान खाली घातली नाही, चाचपडली नाही. शालिकराम तिच्या बोटांकडे बघत राहिला. चोवीस वर्षं घरात हे चालू होतं आणि त्यानं ते कधी नीट पाहिलं नव्हतं. तीस झाले. पंचेचाळीस झाले. त्याला आनंद व्हायला हवा होता, पण तो पुढचे धागे मोजायचंच विसरला.

साठावा धागा जोडून तिनं हात मांडीवर ठेवले तेव्हा घड्याळात आठ मिनिटं शिल्लक होती. चंपतरावांनी एकेक धागा ओढून पाहिला. एकही सुटला नाही. कवडू सगळ्यात आधी उठला आणि वाकून तिच्या पाया पडला. मग मांडवात जो गलका उठला त्यात चोर हा शब्द कोणाच्या तोंडात राहिला नाही.

शालिकरामनं पट्टी सोडली. कवडूची सोडली होती तेव्हा त्यानं डोळे चोळले होते, उजेडाला हात आडवा धरला होता. बाहेरून भाद्रपदाचं कडक ऊन तोंडावर येत होतं, आणि जनाबाईच्या पापण्या हललेल्यासुद्धा नव्हत्या. चंपतरावांनी खांबावरचं लुगडं काढून शालिकरामच्या हातात दिलं, तुमच्याच हातानं द्या म्हणाले. त्यानं ते तिच्यापुढे धरलं. ती हसली आणि घ्यायला हात पुढे केला. हात लुगड्यापासून वीतभर बाजूला, रिकाम्या हवेत गेला आणि तिथेच थांबला.

शालिकरामनं लुगडं हलवलं नाही. तिचा हात हवेतच होता. घोटभर पाणी मागावं तसा तो पुढे झालेला हात आपल्याकडून काहीतरी मागतो आहे असं त्याला वाटलं. तो तिच्यासमोर मटकन खाली बसला.

“जना, तुले दिसत नाही का वं?”

“उजेड-अंधार समजते,” ती हळूच म्हणाली. “दोन दिवाळ्या झाल्या. इंदुताईसंगं रामदासपेठेच्या डाक्टरकडे जाऊन आलो. काचबिंदू हाय म्हणे. गेलं ते वापस येत नाही.”

“मले काहून नाही सांगितलं?”

“दवापाण्यापायी तुमी माग मोडला असता. पोरीचं लग्न व्हाचं होतं.”

दोन दिवाळ्या. शालिकरामच्या डोक्यात तेवढंच घुमत राहिलं. दोन वर्षं ती त्याच्या कांड्या भरत होती, ताणे जोडत होती, भाकरी थापत होती, आणि एका घरात, एका छपराखाली राहून त्याला पत्ता लागला नव्हता. मोहल्ल्यात कारागीर म्हणून मिरवणारा, कापडातला एक धागा चुकला तर चार हातांवरून ओळखणारा माणूस! त्याला स्वतःची अशी किळस कधी आली नव्हती.

मग त्याहून वाईट ते त्याच्या ध्यानात आलं. लुगडं दीड वर्षापूर्वीचं, म्हणजे त्याचा ताणाही तिनं असाच जोडला होता.

जनाबाईनं चाचपून त्याचं मनगट धरलं आणि लुगडं स्वतःच्या मांडीवर ओढून घेतलं. काठावरून तिची बोटं सावकाश फिरली. “दुसरं विणू म्हणले तुमी,” ती म्हणाली. “याचा ताणा जोडला तवाच डोये जाऊन राहिले होते. कसाबसा जोडला. आता सूत समजते, पण रेशमाचा बारीक धागा बोटाले समजत नाही, माह्यानं दुसरं होत नाही. म्हणून आलो.”

चंपतराव भोंग्यावरून तिचं नाव पुकारत होते. पोरं टाळ्या वाजवत होती. ती त्या गलक्यात त्याच्याकडे थोडी वाकली.

“विणून झालं तवा पाहाले नाही भेटलं मले. इंदुताईनं सांगितलं, पण रंग तर तुमी काढला होता. काठाचा रंग कसा उतरला, सांगा ना.”

लुगडं त्याच्या समोर, आत आलेल्या उन्हात पसरलेलं होतं. ते रेशीम त्यानं स्वतः रंगवलं होतं, तो काठ त्यानं स्वतः विणला होता. शालिकरामनं तोंड उघडलं. त्याला त्या रंगाचं नाव आठवेना.